खारी जमीन आणि गोड अन्न

पनवेलच्या अथवा उरणच्या आगगाडींत बसून जाणाऱ्या मनुष्यानें स्थानकांच्या पाट्या जरा लक्ष देऊन वाचल्या, तर एक लहानसा शब्द त्याच्या नजरेस दोनदां पडतो. एका मार्गावर खारघर आहे, दुसऱ्यावर खारकोपर आहे. या स्थानकांभोंवतीं आज उंच इमारती, रुंद रस्ते आणि दिव्यांच्या रांगा दिसतात. परंतु ज्या भूमीवर हें नगर उभें राहिलें ती भूमि कोणत्या जातीची होती, याची आठवण 'खार' या दोन अक्षरांनीं अजून सांभाळून ठेवली आहे.

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या सुमारें ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवी मुंबई वसविण्याचें काम सुरू झालें. या गांवांतून आगरी, कोळी, कराडी वगैरे समाजांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत होते, मीठ करीत होते आणि खाडींत मासे धरीत होते. ज्या जागीं आज आपण स्वयंपाकघरांत कुकर चढवितों, त्याच जागीं कदाचित् कोणाच्या तरी भाताचें खाचर होतें. गेल्या गोष्टीचा शोक करण्यासाठीं मी हें सांगत नाहीं. त्या खाचरांत अन्न कसें पिकत होतें, ही विद्या काय होती, आणि ती आजच्या जगाला कां हवी आहे, इतकाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ही शेती कशी चालते तें पाहूं. खाडीकांठची सखल जमीन भरतीला पाण्याखालीं जाते व ओहोटीला उघडी पडते. अशा जमिनींत मीठ मुरलेलें असतें. तेथें तिवराखेरीज फारसें कांहीं उगवत नाहीं. आमच्या पूर्वजांनीं तिच्यासमोर मातीचा व दगडांचा बांध घातला. पण नुसता बांध घालून भागत नाहीं. समुद्र बाहेर ठेवला, तरी पावसाचें पाणी आंत कोंडलें तर पीक कुजणारच. म्हणून बांधांत ठिकठिकाणीं झडपेचें दार बसविलें. त्याला आपल्याकडे 'उघाडी' म्हणतात. या दाराची युक्ति मोठी सोपी आहे. तें बाहेरच्या अंगास उघडतें. ओहोटीला आंतील पाण्याची पातळी उंच झाली कीं त्याच पाण्याच्या रेट्यानें दार ढकललें जातें आणि शेतांतील पाणी खाडींत वाहून जातें. भरती आली कीं खाडीचें पाणी दाराला बाहेरून दाबतें आणि दार आपोआप मिटतें. येथें इंजिन नाहीं, तेल नाहीं, पहारेकरीहि नाहीं. चंद्राच्या ओढीनें चालणारें हें यंत्र आहे.

आतां मीठ जातें कसें? या भागांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २५०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारें शंभर इंच पाऊस पडतो. पहिल्या कांहीं सरींचें पाणी शेतांत सांचतें, मातींतील मीठ विरघळवितें आणि उघाडीवाटे निघून जातें. असें वारंवार झालें म्हणजे मातीचा वरचा थर गोडा होतो. शास्त्रज्ञ मातीचा खारेपणा तिच्या अर्काच्या विद्युत्‌वाहकतेवरून मोजतात. ती दर मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या वर चढली कीं सामान्य भाताचें उत्पन्न घटूं लागतें. भाताचें रोप कोंवळें असतांना आणि पुढें फुलोऱ्यावर आलें असतांना मिठाला सर्वांत अधिक भितें. मधल्या काळांत तें बरेंच सोसतें. शेतकऱ्यानें हें कोणत्याहि ग्रंथांत वाचलें नव्हतें, तरी तो वागत होता तो याच नियमानें. पावसानें जमीन धुतल्यावांचून तो पेरीत नसे. आणि पेरतांना मोड आणलेलें बी चिखलावर फेंकीत असे, म्हणजे उगवणीचे नाजुक दिवस अर्धे घरांतच निघून जात. या रीतीला 'रहू' म्हणतात. बियाणेंहि त्यानें पारखून घेतलेलें होतें. काळा राता, भुरा राता, मोरचुका हीं खाऱ्या जमिनींत तग धरणाऱ्या जुन्या भातांचीं नांवें आहेत. भाताची कापणी झाली, ऊन तापूं लागलें, कीं खालचें मीठ ओलाव्याबरोबर पुन्हां वर चढतें आणि उन्हाळ्यांत जमिनीवर पांढरी बुरशी धरल्यासारखें दिसतें. पुढच्या मृगांत पुन्हां धुणें आलेंच. दरवर्षी निसर्गाशीं नव्यानें करार करावयाचा, अशी ही शेती आहे.

या व्यवस्थेंत भात हा एकच धनी नव्हे. बांधाबाहेरचें तिवरांचें रान लाटांचा जोर मोडतें, आणि त्याच्याच मुळांच्या जाळ्यांत कोळंबीचीं व माशांचीं पिलें वाढतात. पेण-अलिबागच्या खारेपाटांत घराजवळच्या तळ्यांत जिताडा पाळण्याची चाल आहे. हा मासा खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही पाण्यांत जगतो. भाताचा पेंढा गुरांना जातो, शेण जमिनीला मिळतें. एकाची टाकाऊ वस्तु ती दुसऱ्याची गरज, असा हा संसार आहे.

अशा शेतीच्या अभ्यासाला इंग्रजींत जें नांव आहे, त्याला आपण 'कृषि-परिसरशास्त्र' म्हणूं. बेन्सिन नांवाच्या रशियन कृषितज्ज्ञानें १९२८ च्या सुमारास हा शब्द वापरला, आणि २०१९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या परिषदेनें या शास्त्राचीं दहा मूलतत्त्वें मान्य केलीं. तीं सर्व येथें पाठ म्हणून दाखविण्याचें कारण नाहीं. त्यांचा सारांश असा कीं, शेत हा कारखाना नसून एक जिवंत परिवार आहे. त्यांत पिकांची विविधता असावी, वस्तूंचें चक्र पुरें व्हावें, बाहेरून विकत आणावयाच्या वस्तु शक्य तितक्या कमी असाव्या, शेतकऱ्याचें अनुभवजन्य ज्ञान आणि प्रयोगशाळेंतील ज्ञान यांची सांगड पडावी, आणि जमिनीची व पाण्याची व्यवस्था न्यायाची असावी. केवळ रासायनिक खत वर्ज्य करणें म्हणजे कृषि-परिसरशास्त्र, अशी समजूत करून घेणें ही चूक आहे.

हा विचार परदेशांतून आला म्हणून त्याला परका मानण्याचें कारण नाहीं. सर आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या संशोधनसंस्थेंत होते. हिंदी शेतकऱ्याला शिकवावयास आलेला हा इंग्रज शास्त्रज्ञ त्या शेतकऱ्यालाच आपला गुरु म्हणूं लागला. आणि पालापाचोळा, शेण व माती यांचे थर रचून खत करण्याची त्यानें बसविलेली रीत 'इंदूर पद्धति' या नांवानें जगभर गेली.

खारजमिनीची विद्याहि आपल्या एकट्याची नाहीं. गोमंतकांत तिला खाजन म्हणतात, तेथील उघाडीला 'मानस' म्हणतात, आणि बांधांची देखरेख शतकानुशतकें गांवकारीकडे असे. केरळांत पोक्काळी नांवाचा भात पावसाळ्यांत खाऱ्या भूमीवर पिकवितात आणि तो निघाल्यावर त्याच शेतांत पाणी घेऊन कोळंबी वाढवितात. भाताचे खुंट कोळंबीच्या उपयोगी पडतात आणि तिची विष्ठा पुढच्या भाताच्या. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गिनी-बिसाऊ या लहानशा देशांत बालांता लोक तिवरांच्या दलदलीला बांध घालून, झाडाच्या पोकळ खोडाची नळी त्यांत बसवून, पावसाच्या पाण्यानें मीठ धुतात आणि भात लावतात. उरणचा शेतकरी आणि बालांता शेतकरी यांची कधीं गांठ पडली नाहीं. पण समुद्रानें दोघांना एकच प्रश्न घातला आणि दोघांनीं एकच उत्तर दिलें.

विकसनशील देशांना या उत्तराचें महत्त्व अधिक कां, तें सांगतों. पालाशयुक्त खताचा साठा आपल्या देशांत काढण्याजोगा नसल्यामुळें तें खत आपण जवळजवळ सगळें परदेशांतून आणतों. परदेशांत युद्ध झालें, जहाजें अडकलीं, कीं त्याची झळ आपल्या बांधापर्यंत येते. ज्याच्या हातीं थोडी जमीन आणि त्याहून थोडा पैसा आहे, त्याला विकतच्या वस्तूंवर चालणारी शेती हें नित्याचें कर्ज होऊन बसतें. उलट ज्या शेतांतील सुपीकता त्याच शेतांत तयार होते, तेथें एखादें वर्ष वाईट गेलें तरी सावकाराचें दार ठोठावण्याची वेळ कमी येते.

पण येथें एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. श्रीलंकेच्या सरकारनें २०२१ सालीं रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली. शेतकऱ्यांना तयारीस वेळ मिळाला नाहीं, सेंद्रिय खत पुरेसें नव्हतें; भाताचें उत्पन्न घसरलें आणि त्याच वर्षाच्या अखेरीच्या सुमारास तो हुकूम मागें घ्यावा लागला. मातींतील जीवसृष्टि फर्मान काढून निर्माण होत नाहीं. तिला वर्षें लागतात. आंध्र प्रदेशांत २०१६ च्या सुमारास नैसर्गिक शेतीचा जो मोठा प्रयत्न सुरू झाला, तो गांवोगांव स्त्रियांच्या बचतगटांच्या द्वारें आणि शेतकऱ्यानेंच शेतकऱ्याला शिकवावें या रीतीनें, पायरीपायरीनें चालला आहे. या दोन उदाहरणांतील अंतर ध्यानांत धरण्यासारखें आहे.

आपल्या जवळचींहि उदाहरणें आहेत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें मीठ सोसणाऱ्या भाताच्या 'पनवेल' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जाती काढल्या. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें हें काम आहे. जुन्या जातींची सहनशक्ति आणि नव्या जातींचें उत्पन्न यांचा मेळ घालणें हा त्यामागील हेतु. कर्जत तालुक्यांत नेरळ येथें श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं 'सगुणा भात तंत्र' बसविलें. त्यांत दरवर्षीच्या नांगरणीला व चिखलणीला फांटा देऊन गादीवाफ्यावर बी टोंकतात, आणि कापणीनंतर भाताचीं मुळें उपटून न काढतां जमिनींतच कुजूं देतात. त्यायोगें मातींतील सेंद्रिय अंश वाढतो, गांडुळें परत येतात आणि बैल व मजुरी यांचा खर्च वांचतो. या तंत्रांत तणासाठीं तणनाशक वापरतात, म्हणून कित्येक शुद्धिवादी त्याला नाकें मुरडतात. परंतु प्रत्येक वाट एकदम सोंवळी असलीच पाहिजे असा आग्रह धरला, तर कोणीच चालावयास निघणार नाहीं.

आतां या विषयाचा कठीण भाग. खाराचा बांध एकट्यादुकट्याचा नसतो. एका ठिकाणीं खांड पडली, तर उधाणाच्या भरतीला सर्वांचीं शेतें बुडतात; आणि खारें पाणी एकदां आंत शिरलें कीं जमीन पुन्हां गोडी होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. म्हणून पूर्वीं गांवचे लोक मिळून बांध राखीत. १९४८ च्या व पुढें १९७९ च्या खारजमीन कायद्यांनीं या कामांत शासनाचा हात आला. त्यामुळें गांवाच्या ऐपतीबाहेरचे मोठे बांध होऊं शकले, हा लाभ खरा; परंतु बांध हा सरकारचा, अशी भावना रुजली आणि मिळून राबण्याची संवय सुटत गेली, ही हानिहि खरी. बांध फुटून शेत पडीक राहिलें कीं त्यांत तिवर उगवतें. तिवरांचें रक्षण झालेंच पाहिजे. २०१८ च्या निकालांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें तसें निक्षून सांगितलें आहे. पण ज्याचें शेत दुसऱ्याच्या हयगयीमुळें तिवरांत गेलें, त्या शेतकऱ्यानें दाद कोठें मागावी? वेळेवर बुजविलेली एक खांड शेत आणि तिवर या दोघांचें भांडणच मिटविते, हें त्याचें सर्वांत स्वस्त उत्तर आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा. अलिबाग तालुक्यांतील चरी व आसपासच्या गांवच्या कुळांनीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं खोतांच्या जमिनी कसण्याचें नाकारलें, आणि सुमारें सहा वर्षें तो संप चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा होता. ज्या खारपट्टींतील भातावर त्यांचें पोट चालत होतें, तीच जमीन त्यांनीं पडीक ठेवली, आणि लांकडें तोडून, मिळेल तें काम करून दिवस काढले. एवढा त्याग कशासाठीं? पिकलेल्या भाताचा न्याय्य वांटा आणि जमिनीवरील कुळाचा हक्क यांसाठीं. उद्यां ही जमीन आपल्या हातीं राहील कीं नाहीं याची ज्याला शाश्वति नाहीं, तो तिच्यांत दहा वर्षांनीं फळणारें खत कां घालील? मातीची निगा आणि मालकीचा न्याय हीं दोन वेगळीं प्रकरणें नाहींत, हा चरीच्या संपाचा धडा कृषि-परिसरशास्त्राच्या कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत घालण्याजोगा आहे.

आणि आजची परिस्थिति काय आहे? २०२४ च्या जानेवारींत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाला. २०२५ च्या ऑक्टोबरांत नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. २०२४ सालींच उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गांवांच्या क्षेत्रावर आणखी एक नवें नगर वसविण्याचें काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोंपविण्यांत आलें. नगरें वाढणार, लोकांना घरें आणि उद्योग हवेत, हें मान्य केलेंच पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलानें चिखलांतच राबावें असें म्हणण्याचा अधिकार आपल्याला, शहरांत सुखानें राहणाऱ्यांना, मुळींच नाहीं. तथापि एक हिशेब नकाशावर दिसत नाहीं, तो मांडला पाहिजे. खाचर हें केवळ भात पिकविण्याचें ठिकाण नव्हे. पावसाळ्यांत तें लक्षावधि लिटर पाणी धरून ठेवणारें तळें असतें. तें भरून टाकलें, कीं तें पाणी नाहींसें होत नाहीं. तें दुसरी जागा शोधतें, आणि ती जागा बहुधा आपल्या इमारतीचा तळमजला असते. जुन्या गोष्टी शोधण्याची जरूर नाहीं. २६ जुलै २००५ चा दिवस आपल्यांतील पुष्कळांनीं स्वतः पाहिलेला आहे. म्हणून जें खाचर, जी उघाडी, जें तिवराचें रान अजून शिल्लक आहे, त्याची किंमत नव्या नगराच्या आराखड्यांत आधीं धरली जावी, मागाहून नव्हे.

कोणी विचारील, आम्हीं घरबसल्या यांत काय करावें? तीन गोष्टी सांगतों, आणि तिन्ही लहान आहेत.

पहिली, ताटांतली. पावसाळ्याच्या आरंभीं पनवेलच्या बाजारांत ठाकूर व कातकरी भगिनी शेवळ, टाकळा, भारंगी, फोडशी, कंटोळीं घेऊन बसतात. नांगर न लावतां डोंगरानें दिलेलें हें अन्न आहे. शेवळ नुसती शिजवली तर घशाला खाजवते. म्हणून तिच्यांत काकडाचीं आंबट फळें किंवा चिंच घालतात. ही एवढी माहितीसुद्धां विकणाऱ्या बाईला विचारल्यावांचून मिळत नाहीं. तिला विचारावें, घासाघीस करूं नये, आणि भाजी घ्यावी. तसेंच लाल, जाडा तांदूळ मिळाला तर तो दरिद्र्याचें अन्न म्हणून नाकारूं नये. ज्या भाताला गिऱ्हाईक नाहीं, त्याचें बी दोन पिढ्यांत नाहींसें होतें.

दुसरी गोष्ट, केराच्या टोपलींतली. वाशीच्या घाऊक बाजारांत रोज गाड्यांच्या गाड्या भाजीपाला उतरतो. तो आपल्या घरीं येतो, आणि त्याचीं सालें व देंठ शहराबाहेरच्या ढिगावर जातात. देशाच्या कानाकोपऱ्यांतील मातीचें सत्त्व असें एकमार्गी वाहत येऊन येथें कुजतें. ओला व सुका केर वेगळा ठेवणें आणि सोसायटीच्या आवारांत एका खड्ड्यांत हॉवर्डच्या रीतीनें थर रचणें, हें मुळींच अवघड नाहीं. हिरवा ओला केर, वाळलेला पाला, थोडी माती व थोडें शेण, असे थर द्यावे. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका राखावा. आणि अधूनमधून ढीग उलटावा. तीन-चार महिन्यांत काळें, मातीचा वास येणारें खत तयार होतें.

तिसरी, नागरिकत्वाची. आपल्या उपनगराचा विकास-आराखडा हरकतींसाठीं प्रसिद्ध होतो, तेव्हां तो पाहावा. त्यांत नाला कोठें अरुंद झाला, खाचर कोठें बुजलें, तिवर कोठें कापलें जाणार, हें विचारावें. पूर्वीं बांधाची खांड बुजविण्यास गांवांतील प्रत्येक घरांतून एक माणूस येत असे. आज आपण त्याच गांवांच्या जमिनीवर राहतों. तेव्हां त्या कामांतला आपला वांटाहि आपल्याकडे आला आहे, असें मी समजतों.

श्रोतेहो, खारजमीन माणसाला कायमची कधींच मिळत नाहीं. प्रत्येक पावसाळ्यांत ती धुवावी लागते, प्रत्येक उधाणाला बांध पाहावा लागतो. ज्यांनीं ती मिळविली त्यांना हें ठाऊक होतें, म्हणून ते उधाणाच्या रात्रीं कंदील घेऊन बांधावर जात. आपल्या खिडकींतून खाडीचें पाणी चमकतांना दिसतें, तेव्हां त्यांच्या कंदिलाची एकदां आठवण करावी, एवढीच माझी विनंती आहे.